पिठाला विरी कुठून आणायची?

मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला मी ज्वारीच्या पिठाचा केक केला होता. रेसिपी नेहमीचीच, फक्त मैद्याच्या जागी तेवढंच ज्वारीचं पीठ घातलं, कारण दोनच महिन्यांपूर्वी तिला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं निघालं होतं आणि तिचा गहू कायमचा बंद झाला होता. ओव्हनमध्ये केक छान फुगला, बाहेर काढला तर पाच मिनिटांत मध्येच बसला, आणि सुरी घातली तर सगळा भुगा. पोरगी काही बोलली नाही, चमच्याने खाल्ला तिने, पण मला रात्रभर एकच प्रश्न पडला होता. याच ज्वारीच्या पिठाची भाकरी माझ्या सासूबाई करतात ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो, घडी घालून फडक्यात बांधली तरी तुटत नाही. मग पीठ तेच असून भाकरीची घडी होते आणि केकचा भुगा का होतो?

उत्तर सासूबाईंच्याच बोलण्यात होतं, मला ते कळायला वेळ लागला. पीठ जुनं झालं आणि भाकरी थापताना तुटायला लागली की त्या म्हणतात, "पिठाची विरी गेली." विरी म्हणजे पिठाचा तो धरून ठेवणारा चिकटपणा. गव्हाला ही विरी जन्मजात असते, बाकीच्या पिठांना ती आपण द्यावी लागते, आणि ती कशी द्यायची हे कळलं की बिनगव्हाचा स्वयंपाक अर्धाअधिक जमला म्हणून समजा.

आधी गव्हाचं बघू. गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पीठ कोरडं असतं तोवर ती गप्प पडून असतात, पाणी घालून मळायला लागलो की एकमेकांत गुंततात आणि त्यांचं एक लवचिक जाळं तयार होतं, त्यालाच ग्लूटेन म्हणतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मैद्याचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली हातात धरून हळूहळू धूत राहा. पांढरं दुधासारखं पाणी निघून जातं, तो स्टार्च, आणि शेवटी हातात उरतो च्युइंगगमसारखा ताणला जाणारा पिवळट गोळा, ते ग्लूटेन. आता हाच प्रयोग ज्वारीच्या गोळ्यावर करा, सगळा गोळा पाण्याबरोबर वाहून जातो आणि हातात काहीच उरत नाही. मी मुलीला हे करून दाखवलं होतं, तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण नक्की काय खात नाही ते.

म्हणजे ज्वारीत प्रथिनं नसतात असं नाही हं, चांगली दहा टक्क्यांच्या आसपास असतात, पण ती पाण्यात गुंतत नाहीत, आपापल्या बारीक कणांमध्ये बंद असल्यासारखी राहतात, त्यामुळे जाळं होत नाही. बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, मका, बेसन सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच गत. नुसतं मळून यांना विरी येत नाही, कितीही रगडा.

मग भाकरी कशी होते? सासूबाईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं, तिथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली जीआय टॅगपण (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तर त्यांची पद्धत मी एकदा परातीशेजारी बसून नीट बघितली. परातीत वाटीभर पीठ, मध्ये आळं केलं, त्यात पाऊण वाटीला जरा कमीच पाणी ओतलं पण ते खळखळ उकळतं. मी कोमट पाणी घेऊन उभी होते तर म्हणाल्या, "अगं आधण नीट येऊ दे की, कोमट पाण्यानं काय हुतंय." उलथन्याच्या दांड्याने कालवलं, झाकून पाच मिनिटं ठेवलं, मग हात ओला करून तळहाताच्या मागच्या भागाने पुढे ढकलत ढकलत रगडलं. पहिल्यांदा गोळा चिरा पडून फुटत होता, दोन-तीन मिनिटांत मऊ, गुळगुळीत झाला. आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळायचं, सगळं एकदम मळून ठेवलं की शेवटच्या भाकऱ्या काठाला फाटतात.

यात घडतं काय ते सांगते. स्टार्चचे दाणे गार पाण्यात फक्त भिजतात, पण पाणी साधारण 70 अंशांच्या पुढे गेलं की ते दाणे पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते, कपड्यांना घालतो ना तशीच. उकळतं पाणी पडलं की पिठातला थोडा स्टार्च तिथेच शिजतो, आणि ही शिजलेली खळ उरलेल्या कच्च्या पिठाला धरून ठेवते. ग्लूटेनचं जाळं नाही, खळीचा डिंक आहे. ताणला जात नाही म्हणून लाटायच्या ऐवजी थापायचं, आणि सुकला की तुटतो म्हणून लगेच करायचं. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात का फिरवतात तेही यातच आलं, त्या ओल्या थराचा शिजून पातळ पापुद्रा होतो, बारीक चिरा बुजतात आणि आतली वाफ कोंडून भाकरी फुगते. पाणी लावायला उशीर झाला किंवा ते पूर्ण सुकल्यावर उलटली की फुगत नाही, करून बघा.

हे एकदा लक्षात आलं की आपल्या बाकीच्या पदार्थांकडे बघायची नजरच बदलते. मोदकाची उकड म्हणजे हेच तत्त्व पुरेपूर वापरलेलं, सगळी पिठी उकळत्या पाण्यात घालून दणदणीत वाफ काढायची, म्हणून पारी इतकी पातळ होऊनही कळ्या पडतात. कोकणात, गोव्यात तांदळाची भाकरी अशीच उकड काढून करतात. मोदकाला आंबेमोहोर, इंद्रायणीसारखा नवा तांदूळ घेतात कारण त्याचा स्टार्च जास्त चिकट असतो, जुन्या मोकळ्या तांदळाची पारी तडकते. घावनाला तर विरी फारशी लागतच नाही, कारण पीठ ताकासारखं पातळ असतं आणि तव्यावर पडल्या पडल्या शिजून धरतं. इडलीमध्ये तांदळाला उडीद धरून ठेवतो, उडीद डाळ वाटल्यावर जो बुळबुळीतपणा येतो ना, तोच आंबताना सुटणारा वायू कोंडून ठेवतो, म्हणून नुसत्या तांदळाची इडली फुगत नाही. आणि उपवासाचं तर सगळं कपाटच ग्लूटेन फ्री, राजगिरा, शिंगाडा, वरई, साबुदाणा, आणि तिथे धरायला बटाटा असतो, थालीपिठात उकडलेला बटाटा घातला नाही तर काय होतं ते सगळ्यांना माहितीच आहे.

सांगायचा मुद्दा असा की प्रत्येक पदार्थात कोणीतरी धरणारा आहे, कुठे खळ, कुठे उडीद, कुठे बटाटा. माझ्या पहिल्या केकमध्ये मी धरणारा काढून घेतला होता आणि त्याच्या जागी कोणालाच ठेवलं नव्हतं.

केकचं त्या मानाने सोपं आहे कारण केकला ग्लूटेन कमीच लागतं, मैद्याच्या केकमध्येसुद्धा जास्त फेटू नका म्हणतात ते ग्लूटेन वाढू नये म्हणूनच. धरायचं काम अंडी करू शकतात. आता मी 200 ग्रॅम पीठ धरून करते, त्यात ज्वारी 120, तांदळाची बारीक पिठी 40 आणि कॉर्नफ्लॉवर 40. तीन अंडी, 150 ग्रॅम साखर, 100 मिली तेल, 150 ग्रॅम दही, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची. अंडी आणि साखर चांगली फिक्कट होईपर्यंत फेटायची, इथे जास्त फेटलं तरी भीती नाही कारण ग्लूटेनच नाहीये, मग तेल, दही, पिठं, आणि मिश्रण अर्धा तास तसंच ठेवायचं. ही पायरी सोडू नका. ज्वारी-तांदळाचे कण पाणी हळू पितात, लगेच भाजलं तर बाहेरून केक आणि आतून रवाळ कचकच लागते. बेकिंग पावडर आणि सोडा मात्र अर्ध्या तासानंतर, टिनमध्ये ओतायच्या आधी, चाळून मिसळायचा, नाहीतर त्याचा जोर आधीच संपतो. 170 अंशांवर 40 मिनिटं, सुई कोरडी निघेपर्यंत. आणि टिनमधून लगेच उपडा करू नका, दहा-पंधरा मिनिटं तिथेच राहू दे, गरम असताना तो फार नाजूक असतो, गार होताना धरतो.

एक अगदी मनापासून सांगते, वजनकाटा घ्या. वाटीने मोजलं की घोळ होतो, कारण वाटीभर तांदळाची पिठी आणि वाटीभर ज्वारीचं पीठ वजनाला सारखं भरत नाही, दाबून भरलं की अजून वेगळं, आणि इथे ग्लूटेन सांभाळून घ्यायला नसल्यामुळे पाण्याचा थोडासा फरकही लगेच दिसतो.

ब्रेड हे खरं अवघड प्रकरण. यीस्टचा वायू तासभर कोंडून ठेवायचा, म्हणजे खळ पुरत नाही, अंडं पुरत नाही, ताणलं जाणारं काहीतरी लागतं. ते आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात मिळतं, इसबगोल. गुजरातेत उंझा, सिद्धपूर भागात त्याचा मोठा धंदा आहे, आणि आपण तो फक्त पोटासाठी आणतो. इसबगोलाची साल पाण्यात टाकली की पाच मिनिटांत जेली होते, आणि ही जेली ग्लूटेनच्या सगळ्यात जवळ जाते, गोळा मळता येतो, वळता येतो. साधा, बिनस्वादाचा, बिनसाखरेचा घ्या, संत्र्याच्या चवीचा नको. माझं प्रमाण असं, ज्वारी 160 ग्रॅम, तांदळाची पिठी 120, कॉर्नफ्लॉवर 120, म्हणजे 400 ग्रॅम पीठ, त्याला 20 ग्रॅम इसबगोल आणि साधारण 430 मिली पाणी. हो, पिठापेक्षा पाणी जास्त, टंकलेखनाची चूक नाही, गव्हाच्या ब्रेडला साधारण दोनतृतीयांश पुरतं पण इथे इसबगोलच भरपूर पाणी पितो. इसबगोल पाण्यात फेटून जेली होऊ द्यायची, मग त्यात पिठं, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 10 ग्रॅम साखर, 8 ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल. मळून थेट टिनमध्ये. दोनदा फुगवायची भानगड नाही, एकदाच, दीडपट होईपर्यंत, जास्त फुगू दिला तर ओव्हनमध्ये खाली बसतो. 200 अंशांवर 50 ते 60 मिनिटं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, कितीही वास सुटला तरी, गरम कापला की आत गिच्च गोळा दिसतो आणि वाटतं कच्चा राहिला, खरं तर स्टार्च अजून बसायचा असतो.

पिठांचे स्वभाव थोडक्यात. बाजरीत तेलाचं प्रमाण जास्त, साधारण 5 टक्के, आणि दळल्यावर तिच्यातले एन्झाइम त्या तेलावर काम करायला लागतात म्हणून आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं, थोडं थोडं दळा, उरलेलं फ्रीजमध्ये. नाचणी चॉकलेटच्या केकमध्ये सुंदर लागते, रंगही लपतो, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हा वर फायदा, पण नुसत्या नाचणीचा केक कोरडा पडतो, दही किंवा केळं वाढवा. राजगिरा चिकट आणि उग्र, पाव भागाच्या वर गेलात तर त्याचाच वास येतो. बेसन अंड्याविना केक करणाऱ्यांना उपयोगी आहे कारण त्याची प्रथिनं शिजल्यावर धरतात, पण कच्चट चव जाण्यासाठी आधी थोडं भाजून घ्या. नुसत्या तांदळाच्या पिठाची बिस्किटं खुसखुशीत होतात पण रवाळ, म्हणून पिठी हवी, तांदूळ धुवून सावलीत वाळवून बारीक दळलेली.

शिळं झाल्यावर हे सगळं गव्हापेक्षा लवकर कडक होतं, याचंही कारण स्टार्चच, शिजताना मोकळा झालेला स्टार्च गार झाल्यावर परत घट्ट रचला जातो. फ्रीजच्या गारव्यात ही क्रिया सगळ्यात जोरात होते, म्हणून भाकरी, ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका, एकतर बाहेर फडक्यात नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधला ब्रेड कापून ठेवलेला असला की एकेक स्लाइस तव्यावर गरम केला तर परत मऊ पडतो.

आता ज्यांच्या घरी हे हौसेचं नाही, गरजेचं आहे त्यांच्यासाठी, आणि हे मला फार तळमळीने सांगायचंय. सिलिॲक ही ॲलर्जी नाही, यात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतड्यातले अन्न शोषणारे बारीक केसांसारखे उंचवटे झिजतात, मूल जेवतं पण अंगी लागत नाही. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा हीच आजारी मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर परत खालावली, 1950 मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. तोवर या मुलांना काय खायला घालायचं हेच नीट कळलेलं नव्हतं. म्हणून शंका असेल तर आधी रक्ताची तपासणी करा आणि तोवर गहू बंद करू नका, कारण गहू बंद केला की तपासणीत काही सापडत नाही आणि मग निदान अडकून बसतं. माझ्या ओळखीत दोघांनी नेमकं हेच केलं, आधी महिनाभर गहू सोडला आणि मग टेस्ट.

गहू बंद म्हणजे नक्की काय काय बंद, यात आपल्याकडे फार गैरसमज आहेत. खपली गहू पचायला हलका म्हणून लोक सांगतात, पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. रवा, दलिया, शेवया, मैदा सगळा गहूच. जव म्हणजे बार्ली, तीही चालत नाही. सातूच्या पिठात गहू, मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी मूठभर गहू असतो. आणि सगळ्यात लपलेला म्हणजे हिंग. खडा हिंग हा झाडाचा चीक, पण डबीतला पूड हिंग पिठात मिसळलेला असतो आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. आम्ही पाच महिने सगळं पाळत होतो आणि फोडणीत रोज हिंग पडत होता, मुलीचं पोट काही थांबेना, शेवटी डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं तेव्हा कळलं. नाचणीची म्हणून मिळणारी बरीच बिस्किटंसुद्धा मागे वाचली तर गव्हाचीच निघतात, नाचणी थोडी आणि मैदा जास्त. पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं असेल तर एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, तेवढं तरी बघून घ्या.

आणि गिरणी. तुमची ज्वारी कितीही शुद्ध असो, तुमच्या आधी कोणी गहू दळला असेल तर दगडांत, चाळणीत, पिशवीत गव्हाचं पीठ बसलेलं असतंच. मी सुरुवातीला विचारायचे, "काका, आत्ता गहू काढलात का?" ते म्हणायचे, "नाही ताई, बाजरी चाललीय," आणि मी निर्धास्त व्हायचे, पण बाजरीच्या आधी काय होतं? आधी एक-दोन किलो ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढल्याने गिरणी सिलिॲकसाठी पुरेशी साफ होत नाही. आम्ही शेवटी घरघंटी घेतली, खर्च होतो, पण तिच्यात गहू कधीच पडलेला नाही, ज्वारीसुद्धा दळायच्या आधी ताटात निवडून घेते कारण पोत्यात गव्हाचे चारदोन दाणे असतातच. परात, लाकडी पोळपाट, लाटणं, चाळणी वेगळी, लाकडात पीठ बसतं ते निघत नाही. घरातल्या बाकीच्यांसाठी गव्हाच्या पुऱ्या तळल्या आणि त्याच तेलात, त्याच कढईत तिचा पापड, असं नाही चालत.

एवढं सगळं जमलं तरी होळी आली की पुरणपोळीचा प्रश्न उभा राहतोच, कारण पुरणपोळी हा ग्लूटेनचाच पदार्थ आहे, कणीक तेलात तिंबून तिंबून सैल करायची ती त्या जाळ्यासाठीच. मी तांदळाच्या उकडीत चमचाभर इसबगोल घालून, केळीच्या पानावर तूप लावून, हातानेच थापून करते. तव्यावर पानासकट उपडी टाकायची, पान सुटायला लागलं की अलगद काढायचं. तळहातापेक्षा मोठी केली तर काठ फाटतो, म्हणून तळहाताएवढीच करते, पुरण मात्र भरपूर. गेल्या होळीला सासूबाईंनी माझ्या शेजारी बसून त्यातल्या चार थापल्या, आणि पहिली तव्यावर फुगल्यावर तूप सोडून सगळ्यांत आधी नातीच्या ताटात वाढली.